अडीच मिनिटांची रिकामी जागा

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोनच ओळी होत्या. वरची पेंटरनं रंगवलेली: 'येथे कॅसेटमध्ये गाणी भरून मिळतील.' खालची दादानं स्वतः ब्रश धरून लिहिलेली: 'गाण्याचे नाव सांगावे, गुणगुणून दाखवू नये.' लोक दुसरी ओळ वाचून हसायचे आणि आत येऊन हमखास गुणगुणून दाखवायचे.

सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या ओसरीत १९८३ साली हे दुकान सुरू झालं आणि १९९९ साली बंद पडलं. मालक दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. मी हरकाम्या. दुकान एक ते चार बंद असे. त्यावरून जगानं पुणेकरांना जे बोलायचं ते सगळं आम्हीही ऐकून घेतलंय, पण त्या तीन तासांत आम्ही झोपत नव्हतो. भरण्याचं काम तेव्हाच व्हायचं. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात आणि समोर गिऱ्हाईक असलं की डेककडे लक्ष राहत नाही. कोऱ्या कॅसेटच्या तोंडाशी पाच-सहा सेकंदांची प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही. ती पेन्सिल घालून आधी पुढे गुंडाळायची. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. सुई लाल पट्ट्यात रेंगाळू द्यायची नाही. आणि भरून झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले दात स्क्रू-ड्रायव्हरनं मोडायचे, म्हणजे घरी कुणी चुकून त्यावर नातवाचं बोबडं बोलणं भरून ठेवणार नाही. धंदा कायद्यात बसणारा नव्हता, हेही सांगून टाकतो. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा कडक झाला तेव्हा दादानं पाटी दोन दिवस उतरवून ठेवली. तिसऱ्या दिवशी परत लावली.

दादाची खरी इस्टेट म्हणजे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही. तिच्यात प्रत्येक गाण्याची लांबी मिनिट-सेकंदांत लिहिलेली. साठच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं बसतात, वर कंपनीच्या कृपेनं अर्धा-पाऊण मिनिट. गिऱ्हाइकाची यादी त्या तीस मिनिटांत बसवणं हे दादाचं काम, आणि ते तो शिंप्यासारखं करायचा. शेवटी दोन-अडीच मिनिटं उरलीच, तर वहीच्या मागच्या पानावर जायचं. त्या पानावर फक्त आखूड गाणी होती आणि वर मथळा होता 'ठिगळं'. त्यातलं एखादं घालून जागा बुजवायची. 'रिकामी फीत दिली म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे खाल्ले,' असं तो म्हणायचा.

पेठेत इंग्रजी गाणी कोण भरून घेत असेल, असं वाटेल. पण तेव्हा पुण्यात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी होते, फर्ग्युसन आणि सीओईपीतली पोरं होती. १९८७ साली रजनीश पुण्याला परतले आणि कोरेगाव पार्कात पुन्हा गोऱ्या माणसांची गर्दी झाली. त्यातल्या काहींना परतीच्या वेळी पैसे कमी पडत; मग वॉकमन आणि कॅसेटी विकायला निघत. न्यू वेव्ह हा प्रकार आमच्या वाड्यात असा मरून रंगाच्या झोळीतून आला. ब्लाँडी, डेपेश मोड, टिअर्स फॉर फिअर्स, द क्युअर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंकवाल्यांचा आरडाओरडा झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेत जी पोरं पुढे आली, त्यांनी गिटार सडपातळ केली, सिंथेसायझर पुढे आणला आणि दुःखाला ठेका दिला. दादा वसंतराव देशपांड्यांचा भक्त. तो या सगळ्याला 'नाचता येईल असं रडगाणं' म्हणायचा. क्युअरच्या रॉबर्ट स्मिथचं पिंजारलेलं डोकं आणि ओठांबाहेर गेलेली लिपस्टिक कव्हरवर बघून त्यानं वहीत नोंद केली होती, 'लिपस्टिकवाला'. पुढे मात्र गाण्यांच्या लांबीचे आकडे चोख.

आता कबुली. या सोळा वर्षांत आम्ही हजारो कॅसेटी भरल्या, पण अख्खा आल्बम सलग भरून द्या म्हणणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. बाकी सगळ्यांना 'त्यातली चांगली' हवी असत. चांगली म्हणजे आधीच माहीत असलेली. बँडचा नवा आल्बम आला की गिऱ्हाईक काउंटरवर दोन गाणी ऐकायचं, मान हलवायचं आणि म्हणायचं, 'यातलं एक टाका, बाकी जुनीच भरा.' आम्ही भरत होतो. कलावंतानं जन्मभर केलेल्या कामातून पाच गाणी उपटून त्यांचा गुच्छ बांधायची सवय पुण्यातल्या निदान एका पेठेला तरी आम्ही लावली. म्हणून पुढचं जे लिहितोय त्यात आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

म्हणणं एवढंच आहे की जुन्या बँडचा नवा आल्बम आपण झडती घेतल्यासारखा ऐकतो. जुनं काही सापडतंय का, हे बघतो; सापडलं तर म्हणतो, 'तेच तेच करतायत', नाही सापडलं तर म्हणतो, 'ती मजा राहिली नाही'. दोन्हीकडून फाशीच.

आपल्याकडचंच बघा. मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ चा. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटारवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर. सगळं इंग्रजीत. ऐंशीच्या दशकात एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्यांना ऐकलं. मैदानात धूळ, स्पीकरच्या खोक्यांवर चढलेली पोरं. गायकानं माइकवर सांगितलं की आता आमचं स्वतःचं गाणं, आणि अख्खं मैदान ओरडायला लागलं, 'स्मोक ऑन द वॉटर! स्मोक ऑन द वॉटर!' मीही ओरडत होतो. आपल्या पोरांनी डीप पर्पलचं गाणं डीप पर्पलसारखं वाजवलं की आम्ही खूश. त्यांचं स्वतःचं गाणं म्हणजे मुतारीला जाऊन यायची वेळ.

त्यातून हे लोक हटले नाहीत, हे विशेष. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा आल्बम काढला, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. १९९३ साली नाव बदलून इंडस क्रीड केलं. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि आमच्या काउंटरवर ते गाणं गुणगुणून दाखवणाऱ्यांची रांग लागली. १९९५ साली बँडच्याच नावाचा आल्बम आला. १९९७ साली बँड फुटला. तोवर केबलवर हिंदी पॉपचा पूर आला होता. इंग्रजीत गाणाऱ्या देशी पोरांसाठी ना कंपन्यांकडे पैसे होते, ना श्रोत्यांकडे कान. दोन वर्षांनी आमचंही शटर खाली आलं, त्यामुळे त्यांचं दुःख मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

२०१० साली ते पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे दोघे. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' आला, आधीच्या आल्बमनंतर सतरा वर्षांनी. आठ गाणी. मिक्सिंग टिम पामरनं केलं होतं. मिक्सिंग म्हणजे कुठला आवाज किती पुढे ठेवायचा आणि कुठला किती मागे, याचा शेवटचा हात. हा तोच पामर, ज्यानं टिअर्स फॉर फिअर्सच्या १९९३ च्या 'एलिमेंटल'वर काम केलं होतं. म्हणजे आमच्या वाड्यात झोळीतून आलेल्या त्या न्यू वेव्हचा धागा इतकी वर्षं फिरून असा मुंबईच्या बँडला येऊन मिळाला. ही गोष्ट मला सीडीच्या कागदावर बारीक अक्षरांत सापडली आणि एकट्यालाच फार आनंद झाला. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

सीडी मी कॅम्पातून आणली, आल्या आल्या लावली आणि सात-आठ मिनिटांत निकाल दिला: ती मजा नाही. दुसरं गाणं अर्धं सोडलं, तिसऱ्याच्या सुरुवातीलाच बटण दाबलं. 'प्रिटी चाइल्ड'सारखं पटकन ओठांवर बसणारं काही शोधत होतो. आता विचार केला की लाज वाटते, पण तेव्हा मी बरोबर आमच्या काउंटरवरच्या गिऱ्हाइकासारखाच वागत होतो. फरक एवढाच की समोर दादा नव्हता, नाहीतर त्यानं विचारलं असतं, 'पूर्ण ऐकलंस का?' तो क्युअरला नावं ठेवायचा, पण लांबी मोजायची म्हणून का होईना, प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकायचा.

'इव्हॉल्व्ह' मी पूर्ण ऐकला तो थेट २०२० च्या टाळेबंदीत. कपाट आवरताना सीडी हाताला लागली. बाहेर पडायची सोय नव्हती, पेठेत इतकी शांतता होती की कुणाच्या कुकरची शिट्टी कुठल्या मजल्यावरची ते कळायचं. खुर्चीत बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. हे पंचविशीतल्या पोरांचं काम नव्हतंच, आणि तसं असल्याचं सोंगही त्यात नव्हतं. गाणी ऐसपैस आहेत, घाईनं धृपदावर येत नाहीत. 'फायरफ्लाइज' हळूहळू अंगावर येतं. की-बोर्ड आणि गिटार एकमेकांना जागा देतात, जशी वीस-पंचवीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं देतात. नव्या दोघांच्या तालात जोर आहे आणि जुन्या तिघांना त्या जोरावर स्वार व्हायची घाई नाही. सगळीच गाणी मला सारखी आवडली असं नाही. मधली एक-दोन मला आजही लांबलेली वाटतात. पण 'गुडबाय' हे शेवटचं गाणं संपलं तेव्हा मी उठलो नाही. आठ वर्षं ही सीडी माझ्या कपाटात होती आणि मी ती सात मिनिटांवर तोलून ठेवली होती.

आता गंमत बघा. हाच मी, डिसेंबरात रमणबागेच्या मैदानात सतरंजी टाकून बसायचो तेव्हा किती शहाण्यासारखा वागायचो! २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गायले. वय पंच्याऐंशी. आवाज पूर्वीचा नव्हता, दम पुरत नव्हता, हे मैदानातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी म्हणालं का, की पन्नास सालच्या तबकडीसारखं झालं नाही? उलट ज्या जागी स्वर पोचत नव्हता, त्या जागी आम्ही माना डोलावत होतो, कारण तो कुठे जायला निघालाय हे दिसत होतं. शेजारी बसलेले एक काका रडत होते. गवयाचं वय गाण्यात दिसावं, ही आपली अपेक्षाच असते. साठीनंतरच्या यमनात जे येतं ते तिशीच्या यमनात येत नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. मग गिटार हातात घेतलेल्या माणसालाच पंचविशीत गोठून राहायची सक्ती का?

यावर आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात की रागसंगीत वेगळं; राग तोच असतो, त्यात रोज नवं करता येतं, आणि पॉपचं गाणं म्हणजे एकदाच ओतलेला साचा. त्यात थोडं तथ्य आहे. पण आपलीही पाटी फार कोरी नाही. 'गीत रामायण' १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक. त्यानंतर बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, जिथे जातील तिथे लोकांनी तेच मागितलं, जन्मभर. अप्रतिमच आहे ते, मागणारच. पण या माणसाकडे आज नवं काय आहे, असं सभागृहातून कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आजही बालगंधर्वला, टिळक स्मारकला, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाणला संध्याकाळचे फलक बघा. सुरेल आठवणी, अजरामर गीते, सुवर्णकाळ. तिशीतली, उत्तम तयारीची मुलंमुली पन्नास वर्षांपूर्वीची गाणी हुबेहूब गातात आणि आपण 'अगदी तसंच' म्हणून टाळ्या देतो. त्यातल्या एखाद्या संगीतकारानं धीर करून स्वतःची नवी चाल मध्यंतरानंतर ठेवलीच, तर अर्धं सभागृह अजून बटाटेवड्याच्या रांगेत असतं. माझ्या कॉलेजच्या मैदानावरचं 'स्मोक ऑन द वॉटर' ते हेच. फक्त आता ओरडत नाही, शिस्तीत तिकीट काढतो.

धंद्याचं गणितही त्याच बाजूला झुकतं, आणि दुकानदार म्हणून मी ते नाकारणार नाही. न्यू वेव्हमधला सगळ्यांत मोठा बँड म्हणजे पोलीस. १९८० साली ते मुंबईत येऊन वाजवून गेले होते. आमच्याकडे येणारा एक पारशी मुलगा त्या कार्यक्रमाला गेला होता आणि पुढची दहा वर्षं तो आम्हाला त्याबद्दल ऐकवत होता. त्यांचा शेवटचा आल्बम १९८३ चा. २००७-०८ साली तिघे पुन्हा एकत्र आले, जगभर दौरा केला, स्टेडियमं भरली आणि नवं एक गाणं केलं नाही. करायची गरजच नव्हती. तिकिटं जुन्यावर खपत होती. २०२४ च्या जानेवारीत त्यांचा गायक स्टिंग महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येऊन गेला, तिथेही लोक कशासाठी जमले होते ते सांगायला नको.

उलट टिअर्स फॉर फिअर्सचं बघा. त्यांना २००४ नंतर नवा आल्बम करायचा होता तेव्हा सांभाळणाऱ्या मंडळींनी त्यांना नव्या दमाच्या, हिट गाणी रचून देणाऱ्या लोकांबरोबर बसवलं. आजच्या चालीचं काहीतरी करा म्हणून. बरंच काम झालं आणि त्यातलं बहुतेक त्यांनी टाकून दिलं. मग दोघेच गिटारी घेऊन बसले आणि 'द टिपिंग पॉइंट' झाला, २०२२ साली. मधल्या काळात रोलंड ऑर्झबालची बायको गेली होती, तिचं दुखणं त्या गाण्यांत आहे. भाड्यानं आणलेल्या तरुण माणसाला ते लिहिता आलं नसतं. डेपेश मोडचा अँडी फ्लेचर २०२२ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी पुढच्याच वर्षी 'मेमेंटो मोरी' काढला.

जुन्या बँडांचं सगळंच सोनं असतं असं मी म्हणत नाही. ड्युरॅन ड्युरॅननं १९९५ साली 'थँक यू' नावाचा अख्खा आल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा केला, त्यावर समीक्षक तुटून पडले आणि माझ्या मते बरोबर तुटून पडले. लोकांना आवडेल तेच देऊ म्हटल्यावर दुसरं काय होणार.

आता लिपस्टिकवाला.

क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ ला आला. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं. दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी घरात चौरंगावर दादाची लाल वही अजून ठेवली जाते. हिशेबाची वही नाही, तीच आहे. दादा २०२३ च्या श्रावणात गेला, तेव्हापासून वहीला हळदकुंकू मी लावतो. पूजा झाली, लेकीनं मोबाइल स्पीकरला जोडला आणि म्हणाली, 'बाबा, तुमच्या वहीतल्या माणसाचं नवीन आलंय.'

आधीचा आल्बम २००८ चा. मध्ये सोळा वर्षं. रॉबर्ट स्मिथ तेव्हा पासष्टचा. पहिलं गाणं 'अलोन'. तीन मिनिटांहून जास्त वेळ तो तोंडच उघडत नाही. नुसता संथ ठेका, जाडजूड की-बोर्ड, ढग भरून आल्यासारखं. आमच्या काउंटरवर हे लावलं असतं तर गिऱ्हाइकानं घड्याळ बघितलं असतं. मग तो आवाज येतो आणि, काय सांगू, तो म्हातारा झालेलाच नाही. माणूस झालाय, आवाज नाही. असं ऐकलं की आधी जरा राग येतो.

आठच गाणी. एकही नाचायचं नाही, खरं तर. सहावं गाणं स्मिथनं त्याच्या मोठ्या भावावर, रिचर्डवर केलंय. तो भाऊ गेला. मला हे आधी माहीत नव्हतं. लेकीनं वाचून सांगितलं तेव्हा गाणं संपत आलं होतं. मी काही बोललो नाही. फराळाची ताटं आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तिनं क्युअरचा आदल्या रात्रीचा लंडनचा कार्यक्रम टीव्हीवर लावला. तीन तासांचा. मला त्यातली रीत आवडली. आधी नवा आल्बम, आठही गाणी, क्रमानं, एकही न गाळता. फर्माइशीला वाव नाही. मग जुनी, पोटभर. पुण्यातल्या आयोजकांना माझी विनंती आहे की हे बघा. पहिला तास कलावंताचा ठेवा, बाकीचा आमचा. लोक निघून जातील ही भीती मला मान्य आहे, पण लंडनचे लोक गेले नाहीत. हा आल्बम इंग्लंडात पहिल्या क्रमांकावरही गेला, त्या बँडचा १९९२ नंतर पहिल्यांदाच. आपण लंडनच्या लोकांहून कमी रसिक आहोत, असं पुण्यात तरी कुणी कबूल करणार नाही.

दिवाळी झाल्यावर मी माळ्यावरून डेक काढला. पट्टा विरघळून चिकट झाला होता. बुधवारात तपकीर गल्लीत एका मुलानं तो बदलून दिला. 'काका, हे कशाला जपून ठेवलंय?' असं विचारलं, पण पैसे वाजवी घेतले. टीडीकेची साठची एक कोरी कॅसेट, प्लॅस्टिकही न काढलेली, दादाच्या ड्रॉवरमध्ये होती. वही उघडली. 'लिपस्टिकवाला' या पानावर खाली जागा शिल्लक होती. आठही गाणी ऐकून लांबी लिहून काढली, माझ्या गचाळ अक्षरात, त्याच्या मोत्यासारख्या आकड्यांखाली. अलोन, सहा अठ्ठेचाळीस. एंडसाँग, दहा तेवीस. एकूण एकोणपन्नास मिनिटं आणि थोडे सेकंद.

पहिली पाच गाणी पहिल्या बाजूला, उरलेली तीन दुसऱ्या. दुसऱ्या बाजूला शेवटी आठ मिनिटं उरतात, ते चालेल, त्या गाण्यानंतर तसंही काही लावता येत नाही. पण पहिल्या बाजूची बेरीज सत्तावीस सव्वीस. म्हणजे अडीच मिनिटं मोकळी, आल्बमच्या ऐन मध्यावर. सवयीनं हात मागच्या पानावर गेला. ठिगळं. वरून चौथी नोंद: 'बॉइज डोन्ट क्राय, लिपस्टिकवाला, दोन पस्तीस.' शेजारी दादानं बरोबरची खूण केली होती, म्हणजे हे ठिगळ चालतं, गिऱ्हाईक खूश होतं. १९७९ चं गाणं. जागा इतकी अचूक की मुद्दाम मापून ठेवल्यासारखी.

एक वाजता दार लावून घेतलं. हेड पुसलं, पेन्सिलनं फीत पुढे घेतली, सुई बघत बसलो. पाचवं गाणं संपलं. मोबाइलवर ते जुनं गाणं शोधून ठेवलेलं होतं, नुसतं बोट लावायचं बाकी होतं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि रेकॉर्डचं बटण तसंच दाबलेलं राहू दिलं. सुई डाव्या टोकाला पडून राहिली. रिळं फिरत होती. कुठेतरी खाली भाजीवाला ओरडत गेला, तो काही फितीत येत नाही, तार थेट जोडलेली असते. अडीचच्या जागी तीन मिनिटं झाली, कंपनीची कृपा. मग फीत ताणली आणि बटण खट् करून वर आलं.

बाजू पालटली.